आवळा चालू आहे ना?

लॅबचा फ्रीज निदान वर्षातून एकदा साफ होतो. माझं डोकं तेवढंही होत नाही! सुरतेच्या या कॅन्सर हॉस्पिटलात रक्त काढता काढता किस्से साचत गेले, आणि त्यात नामदेवकाका आणि काकींचे सगळ्यात जास्त.

काका इथल्याच उधना भागात तीस वर्षं कापडाच्या लूमवर. मूळ धुळ्याकडचे. फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटची स्टेज. आमच्या डॉक्टरांचा अभ्यास चालला होता: अशा पेशंटच्या रक्तात अँटिऑक्सिडंट किती, आणि त्याचा जगण्याशी काही संबंध आहे का.

डॉक्टरांनी काकांना समजावलं, "शरीराला गंज चढतो ना, तो रोखणारी द्रव्यं."

"म्हणजे मशीनचं ऑईल! कमी असलं तर घाला की!"

"घालून फायदा होतो का, ते माहीत नाही."

"मग रक्त कशाला काढता?"

"माहीत नाही म्हणूनच!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्यूबकडे बघितलं.

*

सॅम्पल उपाशीपोटी लागतं. चारदा बजावलं होतं. तरी काकी घरून काकांना ग्लासभर आवळ्याचा रस पाजूनच घेऊन आल्या.

"काकी, उपाशी म्हटलं होतं ना!"

"परीक्षेला कोणी पोराला उपाशी पाठवतं का?"

काकींना एकच हवं होतं: आकडा वाढावा आणि काका राहावेत. सॅम्पल मात्र बाद झालं, दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं.

*

कतारगामचे कांतीभाई, हिरे घासणारे, तेही याच अभ्यासात. एकदा त्यांचा आकडा वाढला, तर पेंडे, म्हणजे आपले पेढे, घेऊन हजर! "बेन, मारुं तो वधी गयुं!"

त्याच दिवशी काकांचा उतरला. काकी बाकावर बसून रडायला लागल्या. मी हातात पेंडा घेऊन डॉक्टरांकडे पळाले. "सर, वाढणं चांगलं की वाईट?"

"एकदोन पेशंटवरून काही ठरत नसतं."

आता पेंडा खायचा की नाही? मी अर्धा खाल्ला.

पुढच्या खेपेला कांतीभाई आलेच नाहीत. गेले बिचारे. आणि काका जिना चढून आले! काकी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मग आवळा वाढवू का बंद करू?" मला काय कप्पाळ कळणार! डॉक्टर म्हणाले, थोडा घेतला तर चालेल, पण मनाने गोळ्या-बिळ्या नकोत.

*

काकांना जिना झेपेनासा झाला, तेव्हापासून दर महिन्याला फोन. फॉर्मवर दोन चौकोन: जिवंत, मृत. पहिल्या फोनला मी अक्कल गहाण ठेवून फॉर्ममधलं तसंच वाचलं, "पेशंट जिवंत आहेत का?"

फोनवर खुद्द काका! "थांबा मॅडम, बायकोला विचारून सांगतो!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तो प्रश्न मी कधी विचारला नाही. काकींनाच विचारायचे, "काकी, आवळा चालू आहे ना?" त्या म्हणायच्या, "चालू शे!" की मी पहिल्या चौकोनात टिक करायची. अकरा महिने असंच चाललं.

*

परवा फोन लावला. पेन चौकोनावर टेकवलेलंच होतं.

"काकी, आवळा चालू आहे ना?"

"चालू शे, बेटा." मी टिक करणार, तोच म्हणाल्या, "यांच्यासाठी दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या ना, टाकवत नाहीत. आता मीच पिते."