आठ मिनिटे बावन्न सेकंद

घरात मी आकड्यांचा माणूस आहे. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितो, गाडीत पेट्रोल भरले की किलोमीटर टिपून ठेवतो. बायको म्हणते, "कुकरच्या शिट्ट्याही तुम्हीच मोजा." मोजतो. म्हणूनच पुढचे लिहिताना हात जड होतो.

शहराच्या कडेला असलेल्या तलावावर आमचे मंडळ आहे. रविवारी तिथे लोक सहलीला येतात. कोणी बुडू लागले तर काढायला आम्ही आळीपाळीने काठावर बसतो. शाळेत असताना मी सभासद झालो आणि गेली एकोणीस वर्षे नव्यांना शिकवतो आहे.

दर उन्हाळ्यात आमची परीक्षा असते. घाटाच्या पायरीपासून पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या ड्रमपर्यंत पन्नास मीटर. जाऊन येऊन चार फेऱ्या, नऊ मिनिटांच्या आत. ज्याला जास्त वेळ लागला त्याने वर्षभर पाण्यात उतरायचे नाही, दोर आणि शिट्टी घेऊन काठावर बसायचे. असा माणूस न विचारता उतरला तर त्याचे सभासदत्व जाते. नियम मीच लिहिला होता. दमणारा माणूस वाचवायला गेला की बुडणारे दोन होतात.

मागच्या वर्षी परीक्षेला हिंगण्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई होती. रात्रपाळी संपवून तशीच आलेली. तिला नऊ मिनिटे चार सेकंद लागले.

"चारच सेकंद तं आहे जी सर," ती धापा टाकत म्हणाली. "चहातली माशी काढाले याहून जास्त लागते."

"पाण्यात चार सेकंद लय झाले," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी ये वं."

ती हसली आणि दोर उचलून काठावर जाऊन बसली.

माझी स्वतःची परीक्षा मी सगळ्यात शेवटी देतो, बाकीचे चहाला गेले की. घड्याळ माझे, वही माझी. त्या दिवशी नऊ मिनिटे सदतीस सेकंद लागले. मी वहीत आठ मिनिटे बावन्न सेकंद लिहिले. सरळ साडेआठ लिहिले नाही, कारण गोल आकड्याचा संशय येतो. एवढे मला त्या घटकेला सुचले, याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

त्याच वर्षी पावसाळ्यातल्या एका रविवारी एक माणूस वाहून चाललेली चप्पल पकडायला गेला आणि खोल पाण्यात पडला. पाळी माझी होती. बुडणाऱ्याला धरायला देतो ती लाल ट्यूब घेऊन मी उडी मारली. घाईत सगळा जोर सुरुवातीलाच लावला आणि ड्रमच्या अलीकडेच माझा दम संपला. त्याच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा मला ट्यूब पुढे करायचेही भान नव्हते. त्याने माझी मान धरली आणि आम्ही दोघेही खाली गेलो.

वर आलो तेव्हा दोर घेऊन काठावर बसलेली ती कारखान्यातली बाई तिथे होती. तिने आधी ट्यूब त्याच्या काखेत सरकवली, मग माझ्याकडे वळली.

"मले धरू नका जी सर. ट्यूब धरा. तोंड वर."

हे शब्द माझेच. मीच तिला शिकवले होते.

दोघेही जिवंत बाहेर आलो. काठावर सगळे विचारू लागले तेव्हा मी म्हणालो, "पायात गोळा आला." ती केस पिळत जवळ आली. "नियम मोडला जी मी. माफ करा." मी मान हलवली. जणू माफ करायचा अधिकार माझा होता.

घरी बायकोने तेल कोमट केले. "कोणता पाय?" मी उजवा पुढे केला. तिने अर्धा तास चोळला. दुसऱ्या दिवशी मी तो धडधाकट पाय थोडा ओढत चाललो.

पुढच्या रविवारी तलावाच्या काठावरच मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष माझ्याच वयाचे, आम्ही सोबत पोहायला शिकलो. त्यांनी तिला उभे केले. "न विचारता काहून उतरली?"

"सरच बुडून राहिले होते," ती म्हणाली. "विचारू कोणाले?"

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "नियम तं तूच लिहिला गा. आता ठेवायचं का काढायचं, तूच सांग."

काढा म्हणालो असतो तर प्रकरण तिथेच मिटले असते, मी का दमलो हे पाहायला वही कोणी उघडली नसती. आठवडाभर हा विचार माझ्या डोक्यात होता, हेही लिहून ठेवतो. मी उठलो आणि म्हणालो, गोळा आला नव्हता. वहीतली माझी वेळ खोटी आहे. मग घड्याळ तिच्या हातात दिले आणि सगळ्यांसमोर पाण्यात उतरलो.

बाहेर आलो तेव्हा ती घड्याळाकडे पाहत होती. "नऊ एक्केचाळीस. किती लिहू जी?"

"जेवढे झाले तेवढे."

तिने लिहिले. तिचे नाव यादीत राहिले. मी दोर घेऊन काठावर बसलो. कोणी मला रागावले नाही. एकाने तर चहा आणून दिला.

थोड्या वेळाने ती वही मिटून शेजारी येऊन उभी राहिली. आवाज अगदी साधा होता, टोमणा नव्हता.

"सर, माझे ते नऊ-चार खरे होते ना जी?"

"खरे होते," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. पण मी लिहिलेला आकडा खरा का, असे एकोणीस वर्षांत कोणी पहिल्यांदाच विचारले होते.