हिमलोट आणि आप्पांचं पंचांग

मद्रासचा बर्फाशी संबंध तो किती? आइस हाउस नावाचा एक बस स्टॉप. तिथेही बर्फ नसे. तरीही हिमालयात पूर्वी हिमलोट कधी आणि कुठवर आले होते, हे शोधण्याचं काम साठच्या दशकात नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात चाले. साहेबांनी उत्तरेकडची बदली नाकारली होती, म्हणून हिमालय पोत्यांत भरून त्यांच्या भेटीला आला.

पोत्यांत देवदाराच्या चकत्या असत. हिमलोटाचा मार खाऊन जे झाड तगतं, त्याच्या खोडात जखम राहते. खोडात दर वर्षाला एक कडं वाढतं. सालीपासून जखमेपर्यंतची कडी मोजली, की हिमलोटाचं वर्ष कळतं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, तेव्हा मोजणी माझ्या गळ्यात. एका चकतीवर शिपायानं पिण्याच्या पाण्याचं मडकं ठेवलं होतं आणि ती परत मागितली तर त्याला राग येई.

दुसरा पुरावा झाडं होती त्याच खोऱ्यातल्या देवळांच्या वह्यांचा. 'अमुक संवत्सर, माघ मास, बर्फ आला, गोठा गेला.' आकडा नाही, साठ वर्षांच्या चक्रातलं नुसतं नाव. लिहिणाऱ्या पुजाऱ्यावरून पिढी ठरवायची आणि संवत्सराच्या नावावरून वर्ष. ऑफिसात हे जमणारं कोणी नव्हतं, म्हणून साहेबांनी माझ्या वडिलांना बसवलं. आप्पा निवृत्त शाळामास्तर. आम्ही तंजावरचे मराठी, पूर्वज दक्षिणेत येताना भांडी मागे राहिली, पण पंचांगाचा अभिमान कुणी विसरलं नाही.

साहेबांचा नियम सोपा होता. झाड आणि वही एकाच वर्षाकडे बोट दाखवतील, तरच नकाशावर त्या उताराला तांबडी खूण. एका नाल्याच्या तोंडाशी रस्त्याच्या मजुरांच्या राहुट्या उभ्या राहायच्या होत्या. तिथली पाच झाडं मी मोजली. प्रत्येक जखम आप्पांच्या सालापेक्षा अकरा वर्षं जुनी निघाली.

"दोन साक्षीदार, दोन वर्षं," साहेब खूश होऊन म्हणाले. "म्हणजे पुरावा नाही. सोमवारी फाइल पाठवू, राहुट्या तिथेच उभ्या राहू देत." हिमलोट आला होता असं दोघं साक्षीदार ओरडून सांगत होते, पण साहेबांना तारखेचा घोळ पुरेसा होता. आइस फ्रूटच्या कांड्या विकणाऱ्या गाडीपलीकडे त्यांनी बर्फ पाहिला नव्हता.

घरी आप्पा जेवता जेवता म्हणाले, "अकरा कडी ज्यास्त मोजलीस गे. अस्की, पाचही झाडें परत मोज."

"पाचही झाडांत अकराच कशी चुकतील, आप्पा?"

"चूकसुद्धां नेमानं करतेस. तेवढी शिस्त माझी."

आता हसू येतं. तेव्हा मला रडू आलं, आणि सांगायला लाज वाटते, मी माझ्या डोळ्यांपेक्षा आप्पांवरच विश्वास ठेवला. शनिवारभर भिंग घेऊन पुन्हा मोजलं. अकरा ते अकराच.

रविवारी केशर आणायला साहुकारपेठेत गेले. मारवाडी दुकानदाराच्या भिंतीवर काशीचं पंचांग टांगलेलं होतं आणि त्यात चालू संवत्सराचं नावच निराळं. "हे चुकलंय," मी आप्पांच्या मुलीला शोभेल अशा तोऱ्यात म्हटलं.

"साऱ्या उत्तरेत हेच आहे, बहेनजी," तो म्हणाला. "तिकडे मधूनच एखादं नाव गाळतात. तुमच्याकडे गाळत नाहीत, म्हणून तुम्ही मागे."

मी केशर विसरले आणि पंचांग मागून घरी नेलं. देवळं उत्तरेतली, वह्या उत्तरेतल्या, आणि वर्षं मात्र आम्ही तंजावरची लावत बसलो होतो. हिशेब मांडला. वह्यांच्या काळात फरक होता अकरा वर्षांचा: उत्तरेतलं नाव आमच्याकडे अकरा वर्षं उशिरा येई.

आप्पा दहीभात खात होते. पंचांग समोर ठेवलं. ते न बघताच म्हणाले, "तें पंचांगच चुकीचें."

"असेल. पण वह्या लिहिणाऱ्यांकडे तेच होतं."

"पंचांग बघण्यांत माझीं चाळीस वर्षें गेलीं."

"मजूर तिथे झोपणार आहेत, आप्पा."

ते हात धुवून आत जाऊन पडले. मला त्यांचा असा संताप आला, की उरलेलं दही मी मांजराला घातलं.

सोमवारी ऑफिसात पोचले तर आप्पा माझ्याआधी हजर. वह्यांतल्या नोंदींच्या प्रत्येक कार्डावरचं आपलं साल त्यांनी तांबड्या शाईनं खोडलं होतं, मुलांच्या वहीत खोडत तसं, आणि खाली नवं साल लिहून सही केली होती. साहेबांनी कार्डं चाळली. "दोन्ही पुरावे जुळतात. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." तांबडी खूण पडली. राहुट्या नदीपलीकडच्या काठावर गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्याच नाल्याच्या तोंडाशी मोठा हिमलोट आला. तिथे कोणी नव्हतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी हात पुढे करून कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि समासात संवत्सराचं नाव लिहिलं. आधी उत्तरेचं. त्याखाली, लहान अक्षरात, आमचं.