हिरवा पट्टा

कोकणच्या समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ आम्ही नागपूरच्या ऑफिसात बसून, उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून शोधायचो. आमचे साहेब मोठे प्रेमळ. बोलताना टेबलावर बोटांनी ताल धरायचे.

एकदा किनाऱ्यालगत दाट हिरवा पट्टा दिसला. मी तो नकाशात रंगवला.

"सर, हे शेवाळ माजलंय. मासे मरतील. कोळ्यांना कळवायला हवं."

"काहून घाबरून राहिली वं पोरी? उद्या दिल्लीचे पाहुणे येऊन राहिले, उगीच प्रश्न विचारतील." त्यांनी ब्रश घेतला आणि पट्ट्यावर निळा रंग फिरवला.

आठवड्याभराने पेपरात किनाऱ्यावरच्या मेलेल्या माशांचा फोटो आला.

"तुझं खरं निघालं वं," साहेब कौतुकाने म्हणाले आणि तोच पेपर टेबलावर अंथरून जेवायला बसले.