शेळपटाला इंग्रजीत काय म्हणतात

आमच्या वसतिगृहातल्या इंग्रजीच्या सरांइतका भित्रा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात सापडणार नाही, आणि भित्र्यांचा एवढा अभ्यासही दुसऱ्या कुणी केला नसेल. शिरपामाळावर सहल नेली तर सर दरीकडे पाठ करून डबा खात. साहेबांचा फोन आला की बसल्या जागचे उभे राहत. पण हातात सदा एक वही. भित्र्या माणसाला आपण जे जे म्हणतो ते सगळं तिच्यात, आणि समोर इंग्रजी. पोरं दिवसभर एकमेकांना तेच म्हणतात, तर शिकवायचंही तिथूनच, असं त्यांचं मत. इंग्रज लोक भित्र्याला कोंबडी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा वर्ग हसून लोळला, कारण आवारातला कोंबडा सरांना रोज फाटकापर्यंत पळवायचा. खोडाळ्याचा एक पोरगा म्हणाला, "मंग सर, आपला कोंबडा मराठी हाय का?" सर विचार करून म्हणाले, "असावा." 'भागूबाई' मात्र त्यांनी खोडून टाकलं. वावर गावच्या एका मुलीच्या आजीचं नाव भागू. "ती डोक्यावर मोळी घेऊन चढण चढते. तिचं नाव भित्र्याला कसं लावू?"

मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली, इथं स्वयंपाकाला. एकदा मी भाकरी थापत होते, तर सर दारात आले. "ताई, शेळपट आणि नेभळट यांत फरक काय? शब्दकोशात दोघांना एकच शब्द दिलाय." तोवर मला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. हे दोन्ही शब्द मात्र माहेरी-सासरी पोटभर ऐकलेले. म्हटलं, "शेळपट पळून जातो, सर. नेभळटाला पळणंबी जमत नाही." सरांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं.

दहावीशिवाय माझी नोकरी कायम होणार नव्हती. शाळेत न जाता परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सरांनीच लावलं. शेवटच्या दिवशी, "मी बोलतो, तुम्ही फक्त सही करा," म्हणत सोबतही आले. खिडकीतला कारकून म्हणाला, "मुदत संपली. आणि बाई, या वयात काय करायचंय?" मी सरांकडे पाहिलं. ते वहीत डोकं घालून पानं उलटत होते.  मग मीच म्हटलं, "मुदत आजची आहे, दादा. तुमच्या मागं भिंतीवर लिहिलंय." त्यानं वळून वाचलं आणि फॉर्म घेतला.

परत येताना सर फाटकाशी थांबले. मग म्हणाले, "मी तिथं कोण होतो, ताई? नेमका शब्द सांगा. तुम्हाला कळतात."

"सोबत आलेले होतात, सर."

त्यांनी वही उघडली नाही.

निकाल लागला तोवर त्यांची बदली झाली होती. इंग्रजीत मी काठावर पास झाले, नोकरी कायम झाली. अजूनही कुठल्या खिडकीशी उभी राहिले की बोलण्याआधी मी एकदा मागे वळून सर आलेत का बघते.