उघडी राहिलेली बाटली

सुमे, कान इकडे कर, आत्याला जरा रागवायचंय. नेलपॉलिश पुसायच्या औषधाची बाटली तू उघडीच टाकून गेलीस. तळाशी उरलेला थेंब मी एका बोटावर घेतला आणि शेजारच्या बोटावर पाण्याचा. औषध चष्मा पुसेपर्यंत उडालं, पाणी मात्र बराच वेळ बसून होतं. तुझ्या शाळेच्या जुन्या पुस्तकात बघितलं. पाण्याचे कण म्हणे एकमेकांना घट्ट धरून असतात, औषधाचे सैल. सैल धरलेले लवकर सुटतात, त्यात दोष कुणाचाच नाही. पण जाताना ते बोटाची ऊब घेऊन जातात, हे पुढच्या पानावर होतं. माझ्या बोटाला ते आधीच कळलं होतं. बाटली रिकामी आहे, तरी झाकण लावून ठेवलंय. दिवाळीपर्यंत थांबू नकोस बाई, येत्या रविवारीच ये.