पाटीवरचा वीस

एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पाटी असते. ती वाचल्याशिवाय एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, निवडायचा नाही, हे मला आमच्या वस्तादांनी शिकवलं. जास्तीत जास्त किती अँपिअरचा एमसीबी चालेल, ते त्या पाटीवर लिहिलेलं असतं. तो आकडा बोर्डाच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवायचा, ही त्यांचीच पद्धत. अक्षरं बारीक, त्यांची नजर अधू, म्हणून पाटी मी वाचायचो.

हुपरीतल्या एका चांदीच्या कारखान्यात मी एकट्यानं पहिला एसी बसवला. पाटीवर वीस होते. वीसचा एमसीबी लावला, वायरही तेवढ्याचीच ओढली. उन्हाळ्यात तो सारखा पडायला लागला. मी राधानगरीला कामात अडकलो होतो, म्हणून वस्तादांना पाठवलं. बाहेरच्या युनिटची जाळी धुळीनं गच्च होऊन एसी जास्त करंट खेचत असेल, जाळी धुऊन घ्या, असंही सांगितलं. संध्याकाळी ते म्हणाले, "झालं काम."

महिन्याभरानं कारखान्याच्या मालकांचा फोन आला. वायर वितळून भिंत काळी पडली होती. "वस्ताद तवाच म्हणालेले, पावणं, तुम्ही चुकीचं बसवलंय म्हणून."

जाऊन बोर्ड उघडला. आत बत्तीसचा एमसीबी, म्हणजे वीसची वायर तापली तरी तो पडणार नव्हता. दारावरचा माझा वीस खोडून शेजारी वस्तादांच्या अक्षरात बत्तीस. जाळी होती तशीच गच्च. धुवायला अर्धा तास लागला असता. ते अक्षर कुणाचं, हे मालकांना तिथंच सांगायला हवं होतं. पण मी नुसती वायर बदलली, पुन्हा वीसचा बसवला, जाळी धुतली.

तसाच वस्तादांच्या घरी गेलो. ते चहा पीत होते.

"माझं नाव का सांगितलासा?"

"तू अजून तरणा हाईस, तुझं खपून जातंय," ते म्हणाले. "ह्या वयात माझी चूक कोण पोटात घालतंय? बस की, च्या घे."

मी बसलो नाही. तिडीक गेली होती डोक्यात. शिकवलेलं सगळं परत त्यांच्या अंगावर फेकावं असं वाटलं.

दिवाळीआधी त्याच कारखान्यात दुसरा एसी आला. काम वस्तादांना मिळालं. दुपारी माझ्या मोबाइलवर त्यांनी पाटीचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"आकडा दिसंना झालाय. वाचून सांग की जरा."

मी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि बरोबर आकडा सांगितला. स्वतःचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.