सासूच्या बाजूनं

त्या सकाळी बोरीहून मंगलवहिनीचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या बसस्टँडवर उभी होते. बुधवारी आमच्या पॉडकास्टचा भाग गेला की गुरुवारी वहिनीच्या नंबरावरून आत्याची प्रतिक्रिया येणार, हे ठरलेलंच होतं. तो गुरुवारच होता. म्हणून फोन उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बोला, आज काय चुकलं आमचं?" पलीकडून वहिनी म्हणाली, "सविता, आत्याबाई गेल्या गं." मी तिथंच उभी राहिले. परभणीची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बोरीला दिलेली. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले, तेव्हापासून शेत, गडीमाणसं, घर सगळं तिनं एकटीनं ओढलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. ती उठली-बसली की तो वाजायचा, त्यामुळं आत्या घरात कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं आणि फोनचं बटण तिला सापडत नव्हतं. तरी आमच्या पॉडकास्टला मिळालेली एकुलती एक खरी श्रोती तीच, असं मी आजही ठासून सांगते.

कॉलेजात आम्ही तिघं मिळून एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवर बोलायचो. दर आठवड्याला एक प्रकरण: थोडं वाचायचं आणि मग त्यावर वाद घालायचा. कादंबरीत एक सासू आहे. ती कोठाराच्या किल्ल्या सुनेला देत नाही, त्यावरून सगळं पेटतं. कादंबरीचं नाव आत्याच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती तिला 'किल्लीवाली' म्हणायची. मित्रमैत्रिणी भाग न ऐकताच 'मस्त', 'छान' लिहून अंगठे पाठवत. आत्याची पहिली प्रतिक्रिया मात्र आवाजी निरोपातून अशी आली, "सवे, लय भरभर बोलायलात तुमी. गोष्ट सांगणारानं मधी थांबावं लागतं, ऐकणारानं हूं म्हणावं लागतं. तुमी थांबतच न्हाईत, मग मी हूं कुठं म्हणू?" आम्ही खूप हसलो. पण पुढच्या भागापासून थांबायला लागलो.

दुसरी प्रतिक्रिया हसण्यासारखी नव्हती. आम्ही तिघांनी एकमतानं सासूला दुष्ट ठरवलं होतं. आत्या भडकली. "घर उभं केलेल्या बाईला वाईट म्हणायलात? पोरगी काल आली अन् आज किल्ल्या मागायलीय. कोण देईल?" मी पुढच्या भागात तिचं म्हणणं सांगितलं आणि खोडून काढलं. तिनं गुरुवारी माझं खोडून काढलं. असं ते चालू झालं. एकदा ती रंगात आली असताना मागून बारीक आवाज आला, "मला न्हाई पटत, आत्याबाई." आत्या म्हणाली, "तू बटन धर." बोलायचं बटण धरून बसलेली ती मंगलवहिनी होती, आत्याची सून. तोवर त्या दोघींमधलं बोलणं म्हणजे मीठ संपलं, गाय बांधली, एवढंच. पुढच्या आठवड्यात तो बारीक आवाज जरा लांबला. मग तर प्रतिक्रिया आमच्या भागापेक्षा मोठी व्हायला लागली. इकडं भाकरी थापल्याचा आवाज, तिकडं किल्ल्यांचा, आणि मधे सासूसुनांची कादंबरीवरून जुंपलेली. मी ते पुन्हा पुन्हा ऐकायचे. इतकं सुख मला परीक्षेतल्या मार्कांनीही दिलं नाही.

दिवाळीनंतर आत्याचं पोटाचं दुखणं बळावलं. परभणीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर ती निम्मी झाली होती, पण किल्ल्या कमरेलाच. नर्सनं काढायला सांगितल्या तर म्हणाली होती, "दुखायलंय पोट, कंबर न्हाई." मला राहवलं नाही. कानाशी वाकून म्हटलं, "आत्या, किल्लीवालीचा शेवट सांगू का?" तिनं डोळे वटारले. "मधलं सोडून शेवट सांगणारी तू कोण? रांगेनं येऊ दे. अन् मी असो नसो, तुमी शेवटापस्तोर जायचं. अर्ध्या ताटावरनं उठत नसतेत." मी हो म्हटलं. वहिनी पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. आत्या तिच्याकडं पाहत पुटपुटली, "सासूचं बरोबरच हाय." वहिनी मान न उचलता म्हणाली, "न्हाई." दोघी हसल्या.

आत्या गेली तेव्हा दोन प्रकरणं राहिली होती. परीक्षा तोंडावर आलेली. "आता ऐकणारं कोण आहे?" असं सोबतचे दोघं म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं, पण मला संताप आला. "मी हो म्हटलंय," एवढंच मी सांगितलं आणि माईक पुढं ओढला. तेही बसले. शेवटच्या प्रकरणात सासू मरते. किल्ल्या शेवटपर्यंत देत नाही. तिच्या बाजूनं आज आपणच बोलायचं असं मी ठरवून आले होते... बोलताच आलं नाही. आत्यानं सांगितलं होतं तसं मधे मधे थांबत मात्र राहिलो.

गुरुवारी मी पुन्हा त्याच बसस्टँडवर होते. वहिनीच्या नंबरावरून निरोप आला. लावला, तर आधी किल्ल्या वाजल्या. मग आवाज आला, तो वहिनीचा. "सवे, आत्याबाईच्या बाजूनं मी बोलायलेय, दुसरं हाय कोण? सासूनं किल्ल्या दिल्या न्हाईत, बरोबर केलं. आयुष्यभर जे सांभाळलं ते हातानं काढून देनं म्हंजे आपलं काम सरलं म्हननं. तिला तसं म्हनायचं नव्हतं." वहिनी जरा थांबली. मागं तवा चरचरला. "हे त्यांचं झालं. आता माझं सांगते. मला न्हाई पटत."

ती पुन्हा थांबली. स्टँडवरच्या गर्दीत उभ्या उभ्या मी हूं म्हटलं.